शुद्ध कशासाठी असते?

गेल्या सत्रात आठवीच्या वर्गात मज्जासंस्थेचा पाठ चालू होता. एका विद्यार्थिनीने हात वर करून विचारले, "माझ्या आजीचे पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. ती म्हणते, भूल देताना डॉक्टरांनी आकडे मोजायला सांगितले. तिने तीन-चार आकडे मोजले आणि लगेच कोणीतरी म्हणाले, 'आजी, झाले ऑपरेशन.' तिला वाटले, एक क्षणच गेला. पण आम्ही बाहेर दोन तास बसलो होतो. मग आजीचे दोन तास गेले कुठे?"

वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. रात्री झोपून उठल्यावर बराच वेळ गेला असावा, एवढे तरी आपल्याला वाटते. भुलीनंतर पुष्कळदा तेही वाटत नाही. त्या दिवशी घंटा झाली आणि उत्तर अर्धवट राहिले. ते पुढे नेण्यासाठी आम्ही हा लेख लिहीत आहोत. पूर्ण उत्तर अजून जगात कोणाकडेच नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण जेवढे कळले आहे तेही थोडे नाही.

तीन घरगुती शब्द

या विषयावरच्या ग्रंथांत चेतना, चैतन्य, संवेदन असे भारदस्त शब्द येतात. आपल्या घरातले शब्द मात्र जास्त उपयोगाचे आहेत. चक्कर येऊन पडलेला माणूस पाणी मारल्यावर 'शुद्धीवर' येतो. खेळण्याच्या नादात मुलांना वेळेचे 'भान' राहत नाही. आणि पाय दगडावर आपटला की वेदनेची 'जाणीव' होते.

तिन्ही शब्द वरवर सारखे दिसले तरी त्यांचे अर्थ वेगळे आहेत. शुद्ध म्हणजे दिवा लागलेला आहे की नाही. भान म्हणजे त्या दिव्याचा उजेड कुठे पडला आहे. आणि जाणीव म्हणजे त्या उजेडात आपल्याला काय दिसते, काय वाटते. आजीचे ऑपरेशन चालू होते तेव्हा दिवाच मालवलेला होता. खेळणाऱ्या मुलाचा दिवा चांगला लागलेला असतो, पण उजेड चेंडूवर असतो, घड्याळावर नसतो. हा फरक लक्षात ठेवला तर पुढचे समजायला सोपे जाईल.

आपल्या हैदराबादचा वाटा

शुद्ध घालवण्याच्या शास्त्राच्या इतिहासात आपल्या हैदराबादचे नाव आहे, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल.

16 ऑक्टोबर 1846 रोजी अमेरिकेत बॉस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथर हुंगवून एका रुग्णाला भूल दिली आणि शस्त्रक्रिया जाहीरपणे पार पडली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. त्याआधी रुग्णाला चौघांनी धरून ठेवायचे आणि डॉक्टरांनी शक्य तितक्या घाईने कापायचे, अशीच रीत होती. क्लोरोफॉर्म आले आणि शस्त्रक्रिया सावकाश, नीट होऊ लागल्या. पण अधूनमधून एखादा रुग्ण टेबलावरच दगावे. त्याचे कारण काय? श्वास आधी थांबतो की हृदय?

हैदराबादचे रेसिडेन्सी सर्जन आणि इथल्या वैद्यकीय शाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी यांचे मत होते की श्वासावर लक्ष ठेवले तर क्लोरोफॉर्मला भिण्याचे कारण नाही. हे पडताळण्यासाठी 1888 आणि 1889 साली हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. दुसऱ्या आयोगासाठी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी 1000 पौंड दिले आणि लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्राने डॉ. लॉडर ब्रंटन यांना इकडे पाठवले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. त्यात कुत्रे होते, माकडेही होती. निष्कर्ष लॉरींच्या बाजूने निघाला. पुढे 1911 साली गुडमन लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्ममुळे हृदयाची लय एकाएकी बिघडूनही मृत्यू येऊ शकतो. म्हणजे हैदराबादचा निष्कर्ष अपुरा होता. श्वासावर सतत लक्ष ठेवण्याचा धडा मात्र टिकला. याच काळात इथल्या वैद्यकीय शाळेत शिकलेल्या डॉ. रूपाबाई फर्दुनजी रुग्णांना क्लोरोफॉर्म देत असत. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञांमध्ये त्यांची गणना होते.

त्या सगळ्यांना शुद्ध घालवता येत होती आणि परत आणताही येत होती. जे घालवले ते नक्की काय, हे मात्र त्यांना सांगता येत नव्हते.

दिवा मालवतो म्हणजे काय होते?

भुलीखाली मेंदू बंद पडतो, असा पुष्कळांचा समज असतो. तो चुकीचा आहे. कानाशी आवाज केला तर मेंदूच्या ऐकण्याच्या भागात भुलीतही काही प्रमाणात हालचाल दिसते. मग हरवते काय? तर मेंदूच्या निरनिराळ्या भागांचे आपसांतले बोलणे.

2005 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात मार्चेल्लो मास्सिमिनी, जुलिओ टोनोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. डोक्याच्या बाहेरून चुंबकाचा एक सौम्य ठोका मेंदूला द्यायचा आणि त्याचा पडसाद कुठवर जातो ते मोजायचे. जाग्या माणसात तो पडसाद एका भागातून दुसऱ्या भागात असा दूरवर फिरला. गाढ, स्वप्नरहित झोपेत तो जिथल्या तिथेच विरला. पुढे भुलीच्या काही औषधांखालीही असेच आढळले. शाळेचे उदाहरण घ्या. प्रत्येक वर्गात शिक्षक आहेत, मुले आहेत, पण सगळी दारे बंद आणि एका वर्गातला निरोप दुसऱ्या वर्गात जात नाही. वर्ग भरलेले असतात, पण 'शाळा' चालत नाही. भुलीत मेंदूचे साधारण असे होते.

नुसत्या पेशींच्या संख्येवर शुद्ध अवलंबून नसते, हेही आता कळले आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे 8600 कोटी चेतापेशी असतात आणि त्यांपैकी सुमारे 6900 कोटी एकट्या लहान मेंदूत असतात. तरीही 2014 साली चीनमधील डॉक्टरांनी 24 वर्षांच्या एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध केली, जिला जन्मतःच लहान मेंदू नव्हता. तिचे चालणे थोडे अडखळत होते, बोलणे थोडे अस्पष्ट होते. पण ती शुद्धीवर होती, संसार करत होती. लहान मेंदू तोल सांभाळतो, हालचाली बिनचूक करतो, पण शुद्ध त्याच्यावर अवलंबून दिसत नाही. ती मुख्यतः मोठ्या मेंदूच्या परस्परांशी बोलणाऱ्या जाळ्यांवर अवलंबून आहे, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

मग तिचा उपयोग काय?

आता खरा प्रश्न. हृदय आपल्याला न विचारता धडधडते. अन्न आपल्या नकळत पचते. एवढेच काय, तापलेल्या तव्याला बोट लागले तर हात आधी मागे येतो आणि चटका नंतर जाणवतो. हात मागे घेण्याचे काम मज्जारज्जू परस्पर उरकतो. हे आपण 'प्रतिक्षिप्त क्रिया' या पाठात शिकतोच. मग हात सुटल्यावर दुखायचे कशाला?

1874 साली इंग्लंडचे जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सले यांनी सांगितले की जाणीव ही आगगाडीच्या इंजिनाच्या शिट्टीसारखी आहे. इंजिन चालते म्हणून शिट्टी वाजते, पण शिट्टीने गाडी चालत नाही. हक्सले डार्विनचे खंदे समर्थक, तेव्हा त्यांचे मत सहज टाकून देण्यासारखे नव्हते. शिवाय निसर्गात प्रत्येक गोष्टीला प्रयोजन असतेच असे नाही. हृदयाचे प्रयोजन रक्त ढकलणे. त्याचा धडधड आवाज हा नुसता सोबत येतो.

याला उत्तर दिले ते अमेरिकेचे मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी, 1890 सालच्या आपल्या ग्रंथात. त्यांचा मुद्दा साधा होता. जाणिवेचा काहीच परिणाम होत नसेल, तर जे शरीराला घातक तेच नेमके दुखते आणि जे पोषक तेच नेमके सुखावते, असे का? भाजणे गोड आणि तहान भागणे दुःखाचे, असेही चालले असते! शिट्टी कशीही वाजली तरी गाडीला फरक पडत नाही. पण इथे सूर बरोबर जुळलेला आहे. याचा अर्थ जाणीव काहीतरी काम करते, आणि म्हणूनच उत्क्रांतीत ती घासूनपुसून नीट बसली आहे.

ते काम कोणते, ते तव्यापाशीच दिसते. हात वाचवण्याचे काम मज्जारज्जूने केले, पण तो पुढच्या वेळेसाठी काही शिकला नाही. वेदना शिकवते. ती बोट दोन दिवस जपायला लावते, पुढच्या वेळी आठवणीने सांडशी घ्यायला लावते, आणि धाकट्या भावाला "तवा तापलाय, हात लावू नकोस" असे सांगायला लावते. ज्यांना जन्मतःच वेदना जाणवत नाही अशी काही माणसे आहेत. 2006 साली शास्त्रज्ञांनी पाकिस्तानातील अशा काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतला एक मुलगा रस्त्यावर निखाऱ्यांवर चालण्याचे आणि हातात सुरी खुपसण्याचे खेळ करून दाखवी. चौदा वर्षांचा होण्याआधीच छपरावरून उडी मारून तो गेला. वेदना नको असे आपल्या सर्वांना वाटते. ती अजिबात नसली तर काय होते, ते या मुलाच्या कहाणीवरून कळते.

न दिसता पाहणारा माणूस

शुद्ध आणि काम यांचा संबंध समजायला एक चमत्कारिक वाटणारी, पण खरी हकीकत आहे. मेंदूच्या मागच्या बाजूला दृष्टीचा भाग असतो. तो निकामी झाला तर डोळे चांगले असूनही माणसाला दिसत नाही. 1974 सालापासून लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा रुग्णांविषयी लिहिले. "मला काहीच दिसत नाही" असे सांगणाऱ्या रुग्णाला "नुसता अंदाज करा, दिवा कुठे लागला?" असे विचारले, तर त्याचे बोट पुष्कळदा बरोबर जागी जाई! त्याचे त्यालाच आश्चर्य वाटे.

2008 साली याहून ठळक उदाहरण पुढे आले. दोन झटक्यांनी एका डॉक्टरांच्या मेंदूतील दृष्टीचे दोन्ही बाजूंचे भाग गेले होते. ते काठी घेऊन चालत. संशोधकांनी त्यांना काठीशिवाय एका बोळातून चालायला सांगितले. बोळात खोकी आणि इतर वस्तू ठेवल्या होत्या, आणि हे त्यांना सांगितले नव्हते. डॉक्टर एकही वस्तू न धडकता, वळणे घेत पार गेले. आपण काही टाळले, हे त्यांना कळलेही नव्हते.

म्हणजे रस्ता काढण्यापुरते 'पाहणे' जाणिवेशिवायही होते. मग जाणिवेविना उणे काय राहिले? अशा रुग्णांना विनवून अंदाज करायला लावावा लागतो. त्यांच्या मेंदूत जी माहिती पोहोचते तिच्यावर विसंबून ते स्वतःहून काही करत नाहीत. त्यांना पुढ्यातला पेला दिसत नाही, म्हणून तहान लागली तरी ते त्याकडे हात नेणार नाहीत. जे जाणिवेत येत नाही, त्यावर आपल्याला बेत आखता येत नाही, आणि ते दुसऱ्याला सांगताही येत नाही.

एका सेकंदाची फट

1998 साली रॉबर्ट क्लार्क आणि लॅरी स्क्वायर यांनी केलेला प्रयोग विद्यार्थ्यांना आवडेल. माणसाला एक आवाज ऐकवायचा आणि डोळ्यावर हवेची बारीक फुंकर सोडायची. काही वेळा असे केले की आवाज ऐकताच डोळा आपोआप मिटू लागतो. आवाज चालू असतानाच फुंकर आली, तर हे शिकणे नकळत होते; स्मृती गेलेल्या रुग्णांनाही ते जमते. पण आवाज थांबल्यावर अर्धा ते एक सेकंद जाऊ दिला आणि मग फुंकर सोडली, तर? तेव्हा "आवाजानंतर फुंकर येते" हे ज्यांच्या ध्यानात आले होते, तेच शिकले. या प्रयोगाच्या अर्थावर पुढे वादही झाले. पण त्याने दाखवलेली दिशा आम्हाला महत्त्वाची वाटते. जे समोरून गेले आहे ते मनात धरून ठेवायचे आणि नंतर येणाऱ्या गोष्टीशी जोडायचे, या कामाला जाणीव लागते.

आता सगळे एकत्र पाहू. ठरलेल्या, नेहमीच्या कामांना जाणीव फारशी लागत नाही. ती लागते नव्या कामाला, अडलेल्या कामाला, दोन ओढी एकमेकींविरुद्ध उभ्या राहिल्या की निवड करायला, कालचे आजशी जोडायला आणि आपले दुसऱ्याला सांगायला. थोडक्यात, जाणीव शिकण्यासाठी आहे. बरेच शास्त्रज्ञ आज या मताच्या जवळपास आहेत, आणि शिक्षक या नात्याने आम्हालाही ते पटते.

विद्यार्थ्यांनो आणि पालकहो

सायकल शिकतानाचे दिवस आठवा. हँडल, पायडल, ब्रेक, समोरची म्हैस, सगळ्यांकडे एकदमच लक्ष द्यावे लागे. आता आपण गप्पा मारत सायकल चालवतो. जाणिवेने शिकवले, आणि शिकून झाल्यावर काम खालच्या कारभाऱ्यांकडे सोपवले. पाढ्यांचेही तसेच. 'सात आठे छप्पन्न' तोंडात बसले की गणितातल्या नव्या अडचणीकडे बघायला भान मोकळे राहते. म्हणून पाठांतर वाईट नाही. पण पाठांतरापाशीच थांबलो, तर मोकळे झालेले भान वाया गेले.

आणि हे भान फार अरुंद आहे. 1999 साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी लोकांना एक चित्रफीत दाखवून चेंडू किती वेळा दिला-घेतला ते मोजायला सांगितले. मधूनच गोरिलाचा वेश केलेली एक व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली, मध्ये थांबून छाती बडवून गेली. सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही! डोळे उघडे होते, पण भान चेंडूवर होते. तेव्हा पुस्तक समोर आणि मोबाइल हाताशी ठेवून "आम्हाला दोन्ही जमते" असे म्हणणाऱ्यांनी या गोरिलाची आठवण ठेवावी. हेच पालकांनाही लागू आहे. मूल शाळेतली गोष्ट सांगत असताना आपली नजर पडद्यावर असेल, तर ती गोष्ट आपल्या कानांपर्यंत पोहोचते, आपल्यापर्यंत नाही.

जे बोलू शकत नाहीत

हा विषय केवळ परीक्षेपुरता नाही. 2006 साली इंग्लंडमध्ये ॲड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी अपघातानंतर कोणताच प्रतिसाद न देणाऱ्या 23 वर्षांच्या एका तरुणीची तपासणी प्रसिद्ध केली. मेंदूची हालचाल दाखवणाऱ्या यंत्रात तिला ठेवून "टेनिस खेळत आहेस अशी कल्पना कर" असे सांगितले, तेव्हा तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखीच हालचाल दिसली. "घरातल्या खोल्यांतून फीर" म्हटल्यावर दुसऱ्या भागात दिसली. ती ऐकत होती. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, सांगितलेले काहीच करून न दाखवणाऱ्या 241 रुग्णांपैकी 60 जणांच्या मेंदूने अशा सूचना पाळल्याचे आढळले. म्हणजे चारांत एक.

यावरून भलती आशा बाळगू नये. चारांतल्या तिघांत अशी खूण दिसली नाही. पण ज्यांच्या घरी असे कोणी अंथरुणावर आहे, त्यांनी त्यांच्या उशाशी बसून खर्चाच्या आणि वाटणीच्या गोष्टी करू नयेत. त्यांचे नाव घेऊन बोलावे, घरची हकीकत सांगावी. ऐकू जात नसेल तर आपले काही गेले नाही. जात असेल तर त्यांना फार मोठा आधार मिळेल.

तीच गोष्ट मुक्या प्राण्यांची. 1889 सालच्या त्या कुत्र्यांना आणि माकडांना काय वाटले असेल, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. 2024 साली न्यूयॉर्क येथे शास्त्रज्ञांनी आणि तत्त्वज्ञांनी एक जाहीरनामा काढला. सस्तन प्राणी आणि पक्षी यांना जाणीव असते याला भक्कम आधार आहे, आणि मासे, बेडूक, खेकडे, कीटक यांनाही ती असण्याची खरीखुरी शक्यता आहे, असे त्यात म्हटले आहे. गल्लीतल्या कुत्र्याच्या शेपटीला डबा बांधण्यापूर्वी एवढे आठवावे.

आजीचे दोन तास

1998 साली मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्तोफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती की पंचवीस वर्षांत जाणिवेची मेंदूतील नेमकी खूण सापडेल. 2023 साली कॉख यांनी हार मान्य करून पैजेची किंमत चुकती केली. मेंदूतल्या विजेच्या लहरींपासून लाल रंगाचे 'लाल दिसणे' कसे तयार होते, हे कोडे अजून सुटायचे आहे. आज आठवीत बसलेल्यांपैकी कोणाला ते सोडवायचे असेल, तर जागा रिकामी आहे.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे येऊ. आजीचे हृदय ते दोन तास चालले, रक्त फिरले, श्वासावर भूलतज्ज्ञांचे लक्ष होते. पण एक क्षण धरून ठेवून दुसऱ्याशी गुंफणारे जे असते, ते थांबले होते. फुले होती, पण ओवणारे कोणी नव्हते, म्हणून त्या दोन तासांचा हार झालाच नाही. ते हरवले नाहीत. आजीसाठी ते घडलेच नाहीत. तुम्ही बाहेर बाकावर बसून काळजीत काढलेले दोन तास मात्र पुरेपूर घडले. ते तुमच्याजवळ आहेत. आजीला ते सांगा. तिला आवडेल.